अंगावरचे काढून दिले तेव्हा

अहमदनगर,
ता. २० नोव्हेंबर १९७२

चि. सौ. साळूस मालनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

येरवड्याच्या तुरुंगातून माझ्या नावे कागद आला आहे, म्हणून हे पत्र. एरवी पेपरांचा ढीग समोर असताना मी पत्रे लिहीत बसत नाही, हे तू जाणतेस. बन्सीला चौदा दिवसांची रजा मिळण्याजोगी आहे. तीन वर्षांत त्याच्याविरुद्ध एक तक्रार नाही. जामीन म्हणून जवळच्या नातेवाइकाची सही हवी, आणि तो राहील कुठे व घरच्यांची हरकत आहे का, तेही लिहून हवे. सही मी करीन. थोरली बहीण आहे. राहील तो घोडेगावी, तुझ्यापाशी. बायकोची हरकत असण्याचे कारण मला दिसत नाही, पण कागदात विचारले आहे म्हणून विचारते. हो की नाही, एवढेच कळव. कागद १५ डिसेंबरच्या आत पोचला पाहिजे.

छगनचे झाले ते वाईटच झाले. चालता-फिरता माणूस खाटेला खिळला. पण बन्सी कसाई नव्हे. मैदानात भल्याभल्यांना आस्मान दाखवणारा गडी, आठ वर्षे सिनेमात खलनायकाच्या पदरचा पैलवान झाला आणि दर वेळी फुंकरीने उडेल अशा नायकाच्या हातून पडला. पोटासाठी पडला. त्यावरून छगनने भर बाजारात, आज कुणाच्या हातून पडायचे ठरले आहे, असे विचारावे आणि सगळ्या बाजाराने हसावे! पुन्हा वाटेत गाठ पडली, पुन्हा शब्द झाला आणि बन्सीचा तोल गेला. मी त्या दिवशी तुमच्याकडेच होते. पाहिले तेच कोर्टात सांगितले आणि ते मानले गेले, म्हणून पाच वर्षांवर भागले.

उत्तर लवकर दे. माया आहेच, ती पत्रात मोजत नाही.

तुझी
मालन

•

घोडेगाव,
ता. २५ नोव्हेंबर १९७२

ती. वन्संना साळूचा दंडवत.

पत्र पावलं. मी बरी हाय. पाऊस न्हाईच. नाल्याच्या बांधावर दुष्काळी कामाला जाते, दुपारी खायला सुकडी मिळते. मुकादम म्हनला, पैलवानाची बायको हायस, दोन पाट्या जास्त उचल. मी म्हनलं, पैलवान येरवड्याला हाय, पाट्या तिकडं धाड. बाया लई हसल्या.

छगनची आई गोजरबाई माझ्याच टोळीत हाय. माझ्याशी बोलत न्हाई. पन परवा मला घेरी आली तवा तिनंच तांब्या पुढं केला. छगन दिवसभर खाटंवर पडून दोऱ्या वळतो. आई कामावर गेली की दार सताड उघडं असतं. त्याला उठून लावता येत न्हाई.

रजेचं म्हनाल तर तुमी थोरल्या. तुमाला दिसंल तसं करा. पन यांचं पत्र आलं असंल तर त्यात काय हाय ते कळवा. जसं लिवलंय तसंच कळवा, तुमच्या शाळेच्या भाषेत करू नका.

पायावर डोकं हाय.

तुमची
साळू

•

अहमदनगर,
ता. २ डिसेंबर १९७२

चि. सौ. साळूस आशीर्वाद. वि. वि.

हो की नाही विचारले होते; तू पाट्यांची हकीकत लिहिलीस. चौथीपर्यंत मी तुझी पाटी तपासली ती काय यासाठी? नाही म्हणायचे असते तर म्हणाली असतीस, असे धरून आज सही केली आहे. कागद सोमवारी टाकते.

बन्सीचे पत्र कालच आले. दिवाळीला कैद्यांच्या नाटकात काम केले, या खेपेस राजा झाला आणि एकदाही पडला नाही, असे मोठ्या अभिमानाने लिहितो. तुझ्यासाठी दोन ओळी आहेत. तुझ्या हट्टाखातर शब्दन् शब्द उतरवते. साळूला सांग, अंगठी आणि ताईत जपून ठेव. आल्या आल्या मागणार नाही. कुस्ती निकाली झाली की तिच्याच हातून घेईन.

आता कुस्ती कसली ते त्यालाच ठाऊक. रजेत एखाद्या जत्रेला उतरायचे मनात असेल तर मी त्याचा कान धरीन. पत्रावर अधिकाऱ्यांचा शिक्का आहे, म्हणजे गैर काही नसावे. तुझ्याच हातून घेईन म्हणतो, हे वाचून मला बरे वाटले. घर सारवून ठेव.

जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी
मालन

•

घोडेगाव,
ता. ४ डिसेंबर १९७२

ती. वन्सं,

हे पत्र यष्टीच्या कंडक्टरच्या हाती देते. सही केली असंल तर कागद टाकू नका. टाकला असंल तर मागं घ्या. माझं उत्तर न्हाई. न्हाई, न्हाई.

तुमी लहानपनीच पुन्याला शिकायला गेला. तालमीतलं तुमाला ठावं न्हाई. कुस्त्यांच्या हगाम्याला निघताना हे अंगठी अन ताईत काढून माझ्या हातात द्यायचे. गडी पाडून आले की परत घालायचे. बरोबरीत सुटली तर घालायचे न्हाईत. त्याच गड्याला परत गाठून, चारचौघांत पाठ टेकवून, मगच. राहुरीच्या एका गड्यापायी दीड वरीस बोट मोकळं ठेवलं हुतं.

त्या दिवशी बाजारातनं आले, जेवले, अन तुमच्यादेखत मला अंगठी अन ताईत दिला. गावात हगामा नव्हता, जत्रा नव्हती. मला कळलं. मी हात मागं घेतला असता तर? पन घेतला न्हाई. डब्यात ठिवलं. वाटंत गाठ पडली न्हाई वन्सं, हे गाठायलाच गेल्ते.

कोर्टात तुमी बोलला, जेवला, अंगावरचं काढून बायकोला दिलं, पानी प्याला अन शांतपनी निघाला. तवा मागं बसलेल्या आपल्या गावच्या मानसांनी माना खाली घातल्या. समद्यांना कळलं. लिहून घेनाऱ्याला अन सांगनारीला सोडून. मी गप ऱ्हायले. नवरा फासावर जाईल का काय असं वाटलं, अन तुमची शपथ खोटी पडंल असंबी वाटलं.

आता म्हनतात कुस्ती निकाली झाली की घेईन. छगनचं दार उघडं असतं.

मी उद्या भावाकडं सुप्याला जाते. तिकडं लिवा. रागावा, पन लिवा.

साळू

•

अहमदनगर,
ता. १४ डिसेंबर १९७२

चि. सौ. साळूस आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही. रागवायचे असेल तर ते मला स्वतःवर रागवायला हवे, आणि त्याला पुढे वेळ आहे.

तुझे पत्र आले तेव्हा कागद पाकिटात होता, पाकिटावर तिकीट होते. तो तसाच घेऊन परवा येरवड्यास गेले. तुझ्या शब्दावर भावाला दोषी धरायचे नाही, त्यालाच विचारायचे, असे ठरवले होते.

बन्सी वाळला आहे. खांदे मात्र तेच. मी सरळ विचारले, त्या दिवशी अंगठी कशासाठी काढलीस? तो हसला. म्हणाला, आक्का, तू तर कोर्टात खरे तेच सांगितलेस, त्यांना कळले नाही तो काय आपला दोष? मी म्हटले, मलाही कळले नव्हते. त्याला ते खरे वाटेना. इतकी वर्षे तो समजत होता की मी हुशारीने बोलले! मी म्हटले, छगन आता उठत नाही, अजून काय पाडायचे राहिले? तर म्हणाला, तो पडला तेव्हा पाहायला कुणी नव्हते. बाजार हसला होता, बाजारानेच पाहायला हवे. माझी शपथ घे, सोडून दे, असे मी म्हणाले. सिनेमात हव्या तेवढ्या शपथा घेतल्या आक्का, असे म्हणून तो पुन्हा हसला.

सही केलेला कागद मी त्याच्यासमोर फाडला. तेव्हा मात्र हसू गेले. मी उठले तशी हळूच विचारतो, मग पुढे सुटल्यावर मी उतरू कुठे? अगदी आई गेली तेव्हा विचारले होते त्याच आवाजात.  दोन वर्षे हाती आहेत, उत्तर शोधीन.

माझ्या साक्षीचा अर्थ मी लिहून दिला आहे. मार्चमध्ये शाळेतून निवृत्त व्हायचे, ते कदाचित आधीच घडेल. मुलींना खरे बोला सांगण्यात तीस वर्षे गेली, एवढे सोसेल. तू हात मागे घेतला नाहीस त्याचे ओझे एकटीने वाहू नकोस. मी तिथेच पाटावर बसले होते.

सध्या सुप्यालाच राहा. भावजयीशी भांडू नकोस, आणि मला पूर्वीसारखेच वन्सं म्हण.

तुझी
मालन

ता. क. कोणाला काय दिले ते तुझ्या माहितीस असावे. १२ डिसेंबर, तुरुंगाची कचेरी: जामिनास नकार, कारणासह, दोन पाने. पोहोच घेतली. १३ डिसेंबर सकाळी, पोलीस ठाणे: साक्षीबाबतचे निवेदन, माझ्या सहीचे, एक पान. पोहोच घेतली. त्याच दिवशी दुपारी, घोडेगाव: निवेदनाची नक्कल, छगनसमोर मोठ्याने वाचून, गोजरबाईंच्या हाती. पोहोच मागितली नाही.