तेरा शेळ्या आणि माझा लेखी अभिप्राय

२ फेब्रुवारी, रविवार
बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा देवदत्त. मूळचा माढ्याचा, नोकरी पुण्यात. काम काय, तर हातात धरून खेळायच्या मशिनसाठी व्हिडिओ गेम बनवणे. एकतीस वर्षांचा माणूस! मी स्पष्टच म्हणाले, मला या धंद्याचा राग येत नाही, कीव येते. आईने पोह्यांची बशी माझ्याच हातात दिली, तोंड बंद राहावं म्हणून. तो हसला. म्हणाला, पुढे टीव्ही नको, कॉम्प्युटर नको, सगळे गेम हातातच येणार, भवितव्य हेच आहे. मी म्हणाले, भवितव्य डोळ्यांच्या डॉक्टरांचं आहे. जाताना स्वतःचं मशिन टेबलावर ठेवून गेला. खेळून बघा, मग नाही म्हणा.

नकार ठरलेलाच आहे. पण बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं, आणि न वाचता पुस्तकाला वाईट म्हणू दिलं नाही. तेव्हा दोन दिवस, रोज वीस मिनिटं तपासणी. मग लेखी अभिप्राय. मग नकार.

३ फेब्रुवारी, सायं. ६.१०
चालू केलं. एक बाई तेरा शेळ्या हाकत डोंगरापलीकडच्या बाजाराला निघते. बस्स. यासाठी इंजिनिअरिंग! शेळ्या अक्कलकोट रोडला रोज दिसतात, चार्जिंगशिवाय. वीस मिनिटं खेळले. पाच शेळ्या ओढ्यात वाहून गेल्या. डिझाइनचा दोष.

६.५५. वर ‘वीस मिनिटं’ लिहिलंय ते चूक. चाळीस. तेरा शेळ्या घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रोजनिशीत खोटं नको.

५ फेब्रुवारी
दोन दिवस अपुरे पडले. तपासणीची मुदत वाढवली.

आज कॉलेजच्या लायब्ररीत, जेवणाच्या सुट्टीत, जुन्या मासिकांच्या कपाटामागे काम चालू होतं. शिपाई सिद्धाप्पा आले. मॅडम, तुमीबी गेम खेळायलाव की! म्हटलं, हा रिसर्च आहे. म्हणाले, व्हय व्हय, आमची नातबी दिवसभर रिसर्चच करायलीय.
अडाणी माणूस.

८ फेब्रुवारी
एक काळी शेळी आहे. कान फाटका. सगळ्या पुढे जातात, ही काटेरी झुडपापाशी थांबून चरते. तिला सोडून गेलं तरी खेळ पुढे चालतो. मी चार वेळा मागे गेले. केवळ काय होतं ते तपासायला. काही होत नाही. ती चघळत बघते. फालतूपणाचा कळस.

रंभामावशी शेजारी राहतात, स्थळ त्यांनीच आणलं. त्यांना सहज विचारलं, त्या मुलाने या खेळात नक्की केलंय काय? त्यांनी फोन लावला. म्हणे काळी शेळी तेवढी त्याची. दीड वर्ष तेवढंच करत होता.
दीड वर्ष एक शेळी! पण कान जमलाय.

११ फेब्रुवारी
रंभामावशी दारातूनच ओरडल्या. अगं बाई, आपल्याकडं पंधरा दिवसांत निरोप गेला नाही की नकारच धरत्यात. हो का नाही ते सांगून टाक की! मी समजावलं, ती जुनी पद्धत झाली, शिकलेली माणसं असं काही धरत नाहीत. शिवाय अजून तीन डोंगर बाकी. अर्धवट खेळून दिलेलं उत्तर अप्रामाणिक. आईला बजावलं, अभिप्राय पूर्ण होईपर्यंत कुणी काही कळवायचं नाही.
आई म्हणाली, हो म्हणायचं तर आज म्हण, नाही म्हणायचं तर ते मशिन दे इकडं, त्याची टिंवटिंव ऐकून माझं डोकं उठलंय.

१५ फेब्रुवारी
रजा टाकली. कारण लिहिलं, कौटुंबिक निर्णय. शब्दशः खरं आहे. शेवटच्या डोंगरावर दोरांचा पूल. काळी पाय ठेवत नाही. लई हट्टी.
‘लई’ लिहिलं गेलं. सिद्धाप्पांची संगत.

१७ फेब्रुवारी
पंधरा दिवस काल झाले. त्यांच्याकडून फोन नाही. म्हणजे थांबलेत. समंजस लोक.

१९ फेब्रुवारी, सुट्टी, सकाळी ७.४०
बाजार आला. तेराच्या तेरा. शेवटी खेळ विचारतो, विकायच्या की घरी न्यायच्या? घरी नेल्या. डोळ्यांतून पाणी. स्क्रीनचा दुष्परिणाम, अभिप्रायात नोंद केली.

अभिप्राय चौदा पानांचा झाला. निष्कर्ष: खेळ निरर्थक. या धंद्याला भवितव्य नाही. मुलगा चालेल.

आईने फक्त शेवटची ओळ वाचली आणि तशीच चप्पल घालून रंभामावशींकडे गेली.

९.२०. आई परत आली. चौदा पानं हातात तशीच. रविवारपर्यंत निरोप नाही म्हणून त्यांनी नकार धरला. काल अकलूजच्या मुलीशी सुपारी फुटली. ती मुलगी म्हणे बघण्यातच हो म्हणाली. मशिनला हात न लावता!
इतका बेजबाबदारपणा मी पाहिला नव्हता. त्यांचं कसं व्हायचं, त्यांचं ते बघतील.

२२ फेब्रुवारी, सकाळी १०.१५
त्याचे मामा मशिन न्यायला आलेत. बाहेर चहा घेतायत. दुसऱ्याची वस्तू घेतली तशी परत द्यावी, म्हणून माझा खेळ पुसायला आत आले. मशिन विचारतं, सगळं पुसायचं? होय दाबलं. पुन्हा विचारतं, नक्की? पुसलेलं परत येणार नाही.

मला त्या लोकांनी एकदासुद्धा विचारलं नाही, नक्की ना म्हणून.

बाबा दाराशी उभे आहेत. तिसऱ्यांदा विचारतायत, पिशवी कापडी देऊ की साधी चालेल.