भक्तिप्रमुखाचे डोळे

ता. ३, सोमवार

डोळे आले. दोन्ही! सकाळी पापण्या उघडेचनात. कोमट पाण्याने धुतल्या तेव्हा कुठे दिसायला लागलं, आणि आरशात पाहिलं तर लालभडक. बाबांचं औषधाचं दुकान आहे, त्यांना एक नजर पुरते. म्हणून नाश्ता खिडकीकडे तोंड करून केला. परवा सहल आहे. बाबांना कळलं असतं तर ‘पाच दिवस घरात बस’ — संपला विषय!

पण खरी गंमत शाळेत झाली. सकाळची प्रार्थना अकरा मिनिटांची, डोळे घट्ट मिटून. मिटलेल्या डोळ्यांतून माझी धार लागली. थांबेचना! गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून थेट कॉलरवर. आणि एकदम कुणीतरी मला छातीशी धरलं. पाहते तर मोठ्या बाई! मुख्याध्यापिका स्वतः मंचावरून उतरून आल्या होत्या. आपल्या रुमालाने माझे डोळे पुसले आणि सहाशे मुलांना सांगितलं, ‘बघा! याला म्हणतात भक्ती!’

खरं सांगावं तर सहल जाते. मान खाली घातली. त्याचीही वाहवा झाली.

बाकावर आल्यावर चिमटी म्हणाली, ‘मोठ्या बाईंचे डोळे मिटलेले होते ना? मग त्यांना दिसलं कसं?’

म्हणूनच हिचं नाव चिमटी. पहिलीपासून एका बाकावर बसतो आम्ही, आणि पहिलीपासून ही असंच बोलते.

ता. ४, मंगळवार

मी भक्तिप्रमुख झाले. हे पद काल सकाळपर्यंत शाळेत नव्हतं. पितळी बिल्ला आहे, चांगला जड.

रुमाल काचेच्या कपाटात ठेवलाय. तिथला धावण्याच्या शर्यतीचा करंडक काढून जिन्याखाली, बादल्यांशेजारी. आता रोज प्रार्थनेआधी प्रत्येक वर्गाच्या प्रमुखाने तो रुमाल डोळ्यांना लावायचा आणि मग आपल्या वर्गात फिरवायचा. ‘भावना एकाकडून दुसऱ्याकडे जाते,’ मोठ्या बाई म्हणाल्या.

जाते खरी. मी औषधवाल्याची मुलगी आहे, काय जातं ते मला ठाऊक आहे.

ता. ५, बुधवार

सहल रद्द! त्याऐवजी विशेष प्रार्थना. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं तेच गेलं! कपाळ माझं!

ता. ७, शुक्रवार

आठवीचा वर्ग रडतोय. दहावी ‘ब’ रडतेय. गणिताच्या बाई फळ्याकडे तोंड करून रडत होत्या, उत्तर चुकलं. ग्रंथपालांच्या अश्रूंनी नोंदवही भिजली. मोठ्या बाई काळा चष्मा लावून आल्या — सभागृहात! ‘प्रार्थनेचं तेज सहन होत नाही,’ म्हणाल्या.

एकटी चिमटी ठणठणीत. रुमाल आला की ती दोन बोटांनी कोपरा धरते आणि पुढच्या मुलीला देते. लगेच नळावर जाऊन साबणाने हात धुते. मी म्हटलं, ‘तुला कळलं ना काय आहे ते?’ ती म्हणाली, ‘पहिल्या दिवशीच. तुझ्या पापण्यांना चिकटा होता. तू सांगतेस का मी सांगू?’

मी म्हटलं, ‘थांब ना जरा.’

ती थांबली. माझ्यासाठी.

ता. ८, शनिवार

दुपारी बाबांच्या दुकानात होते. खाली बसून खोकी लावत होते, त्यामुळे गल्ल्यापलीकडून कुणाला दिसत नव्हते. (माझे डोळे गुरुवारीच बाबांच्या लक्षात आले. बोलणी खाल्ली, थेंब घातले; पाच दिवस होतच आले होते म्हणून घरात बसवलं नाही. आता बरे आहेत.)

आधी विज्ञानाचे सर आले. डोळे टोमॅटोसारखे. ‘शेजारच्या मुलासाठी थेंब हवेत.’ मग ग्रंथपाल — ‘भाचीसाठी.’ मग शिपाईकाका. ते एकटेच सरळ म्हणाले, ‘डोळे आलेत हो, शाळेत साथ आहे.’

आणि मग साडेचारला मोठ्या बाई! डोक्यावरून शाल, काळा चष्मा. ‘आमच्या माळ्यासाठी दोन बाटल्या द्या.’

शाळेत माळी नाही. बागच नाही! कुंड्या आहेत त्याही प्लॅस्टिकच्या.

म्हणजे त्यांना माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे! खोक्यामागे बसून मी तोंडावर हात दाबला. आधी हसू आलं, मग भीती वाटली. कारण सगळ्यांना माहीत असूनही सोमवारी रुमाल फिरणारच होता.

ता. १०, सोमवार

फिरला.

शिवाय नवीन नियम. प्रगतिपुस्तकात श्रद्धेला वीस गुण. प्रार्थना संपली की वर्गशिक्षकांनी प्रत्येकाच्या डोळ्यांखाली टिपकागद लावायचा. दोन्ही डोळे ओले — वीस. एकच ओला — दहा. विज्ञानाचे सर टिपकागद उजेडात धरून डागाचा घेर पट्टीने मोजत होते. त्यांना सांगावंसं वाटलं, सर, तुमच्या शेजारच्या मुलाला कसं आहे आता?

चिमटीचा कागद कोरडा. शून्य.

ता. १२, बुधवार

आता वेगळीच धांदल. लोक बरे व्हायला लागले! थेंबांनी गुण आला, डोळे स्वच्छ झाले, पाणी थांबलं — आणि टिपकागद तर रोजचाच. नववीतल्या एकाने युक्ती काढली. डोळ्यांखाली बाम! दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळली. सभागृहाला सर्दी झालेल्या माणसाच्या खोलीसारखा वास येतोय.

बाबा दुकानात डोकं खाजवत होते. ‘ना थंडी, ना सर्दी. एवढा बाम खातंय तरी कोण?’

एक डबी माझ्याही दप्तरात आहे. हो, लिहिते की! इथे कोण वाचणार? भक्तिप्रमुख बाम लावून रडते. सगळ्यांत मोठी ढोंगी मीच.

चिमटीला म्हटलं, ‘अगं, जरासा लाव ना! एका बोटाचं काम आहे. वीस गुण मिळतील, सगळे गप्प बसतील.’

ती म्हणाली, ‘मला रडू आलं की मी रडेन. यांच्या सोयीने नाही.’

मला राग आला तिचा. एवढं काय ताठ राहायचं माणसाने!

ता. १३, गुरुवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. खोलीत पंखा बंद, म्हणून बामाचा वास कोंडलेला. मंगळवारी विश्वस्त येणार आहेत, शाळेतली ‘भक्तीची लाट’ स्वतः बघायला. ‘आणि सहाशेंत एक मुलगी कोरडी! कसं दिसेल ते, बाळ?’

पुढ्यात टाइप केलेलं पत्र होतं. श्रद्धाहीन वर्तन, इतरांवर वाईट परिणाम, सबब शाळा सोडल्याचा दाखला देण्यात यावा. खाली दोन सह्यांची जागा. मुख्याध्यापिका. भक्तिप्रमुख.

चिमटीची आई शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मावशी इथे आहे म्हणूनच चिमटीला इथे फुकट शिकता येतं. दाखला हातात पडला तर दुसरी शाळा कुठली? दहावीच्या ऐन मध्यावर?

मी म्हटलं, ‘बाई, ती वाईट नाहीये. ती फक्त खोटं बोलत नाही.’

बाईंनी चष्मा काढला. डोळे पांढरेशुभ्र. माळ्याचे थेंब चांगले लागू पडले होते.

‘बाळ, तुझे अश्रू तपासायला डॉक्टरांना बोलवायचं का? सगळ्यांसमोर? तुझ्या बाबांनाही बोलवू. औषधाचं ज्ञान आहे त्यांना.’



सही केली.

सहीखाली असा वळणदार फाटा काढायला मला चिमटीनेच शिकवलं होतं, सातवीत. अर्धी वही भरवून घेतली होती. आज फाटा अगदी बरोबर आला.

ता. १४, शुक्रवार

चिमटीने डब्यातला अर्धा लाडू दिला. तिला काही माहीत नाही. पत्र मंगळवारी, विश्वस्त आले की बाहेर काढणार आहेत. मी तो तसाच परत डब्यात ठेवला. ती म्हणाली, ‘बामाने भूकही मरते वाटतं!’

ता. १६, रविवार

बाबांना विचारलं, ‘डोळे आलेत आणि खरंच रडतंय, यातला फरक कसा ओळखायचा?’ बाबा म्हणाले, ‘डोळे आले की चिकटा असतो, पापण्या चिकटतात. रडलेला डोळा सुजतो, पण स्वच्छ असतो. का गं?’

‘सहज.’

ठरवलंय. मंगळवारी सांगून टाकणार. सगळ्यांसमोर! काय व्हायचं ते होऊ दे.

ता. १८, मंगळवार

सांगितलं! आणि जे झालं ते लिहितानाही पटत नाही.

विश्वस्त पहिल्या रांगेत. भला गृहस्थ, गुबगुबीत. सहाशे मुलांचा बाम एकदम दरवळला तसे त्यांच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बिचारे पहिल्याच मिनिटाला भारावून गेले.

माझं नाव पुकारलं. मंचावर गेले, माइक धरला. म्हटलं, ‘ही भक्ती नाही. मला डोळे आले होते. सहल बुडू नये म्हणून मी लपवलं. रुमालामुळे सगळ्यांना आले. आता सगळे बरे आहेत आणि बाम लावून रडताहेत. मीसुद्धा. ही बघा डबी. या शाळेत एकच मुलगी खरी आहे, आणि तिलाच तुम्ही काढताय!’

डबी वर धरली.

मग विश्वस्त उठले. डोळे पुसत म्हणाले, ‘स्वतःची भक्तीसुद्धा ही पोर लपवतेय! वर दोष स्वतःकडे घेतेय! केवढी ही नम्रता!’

टाळ्या! उभं राहून टाळ्या! गणिताच्या बाई हुंदके देत होत्या. विज्ञानाचे सर सगळ्यांत जोरात वाजवत होते. मी ओरडले, ‘अहो, खरंच सांगतेय! दुकानातून थेंब नेलेत तुम्ही लोकांनी!’ तर टाळ्या आणखी वाढल्या. माइक कुणी बंद केला ते दिसलं नाही.

मोठ्या बाईंनी मिठीत घेतलं आणि कानात म्हणाल्या, ‘छान बोललीस. आता गप्प बस.’

बामाची डबी काचेच्या कपाटात गेली. रुमालाशेजारी.

विश्वस्तांनी फर्मावलं, भक्तिप्रमुखाने रदबदली केली आहे, तर त्या मुलीला एक संधी द्या. दाखला गुरुवारपर्यंत थांबवला! मोठ्या बाईंनी पत्र चिमटीच्या हातात दिलं — ‘घरी आईला दाखव आणि उद्या परत आण. परत आणायचं, फाडायचं नाही.’

मी मंचावरून चिमटीकडे बघत होते. माझं बोलणं चालू असताना ती हसत होती, तोंडभर. अभिमानाने. अख्ख्या सभागृहात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच. मग तिने पत्राची घडी उघडली. तेवढ्यात गर्दी मध्ये आली आणि मला पुढचं दिसलं नाही.

खालच्या सह्या कोण वाचतं? कुणीच नाही. मी तरी कधी वाचत नाही.

ता. १९, बुधवार

चमत्कार! चिमटी रडली!

प्रार्थनेत, माझ्या शेजारी. आवाज नाही, काही नाही, नुसती धार. विज्ञानाच्या सरांनी टिपकागद लावला तो भिजून फाटला. दुसरा लावला, तोही. सरांनी पट्टी खाली ठेवली. मोठ्या बाई धावत आल्या, ‘वितळली! अखेर वितळली!’ पत्र तिच्या हातातून घेतलं आणि सगळ्यांदेखत चार तुकडे करून खाली टाकलं. दाखला रद्द! वीसपैकी वीस! मावशी स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन उभी होती, तिने तो छातीशीच धरला.

मी तर नाचायचीच बाकी होते! वाचली! अखेर तिचेही डोळे आले! रुमालाने नाही तर माझ्या बाकाने दिली म्हणायची साथ. दहा वर्षं चिकटून बसल्याचा काहीतरी उपयोग झाला. तिच्याशी बोलायला गेले तर ती खाली वाकून पत्राचे तुकडे गोळा करत होती. म्हटलं राहू दे, डोळे दुखत असतील. उद्या बाबांकडून थेंब नेऊन देते.

ता. २०, गुरुवार

चिमटी आज पुढच्या बाकावर बसली. मधल्या सुटीत तिला थेंबांची बाटली दिली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे सुजलेले होते, पण स्वच्छ. चिकटा नव्हता. पत्राचा एक तुकडा बाटलीभोवती गुंडाळून तिने ती माझ्या हातात परत ठेवली. तुकड्यावर माझी सही. फाट्यासकट.

म्हणाली, ‘मला डोळे आलेले नाहीत.’