कोरे हात

कामादो,

ओसाकात तुला काझुको म्हणतात म्हणे. मी नाही म्हणायची.

तुझ्या लेकीच्या, सुमिकोच्या लग्नाचं आमंत्रण मिळालं, सोबत पांढरे हातमोजेही. "ताई, हे घालूनच ये. गोंदण दिसलं तर व्याह्यांना कळेल आपण ओकिनावाच्या. मग लग्न मोडलंच समज," असं लिहितेस.

सरकारने गोंदणावर बंदी आणली, तरी आईने आपल्याला चोरून गोंदणारणीकडे नेलं. तू भोकाड पसरलंस. मी तुझ्या तोंडात काळ्या साखरेचा खडा कोंबला आणि म्हटलं, "रड हवं तेवढं, पण हात मागे घेऊ नकोस." तू घेतला नाहीस.

त्याच हातांवर, गोंदण पुसायला, तू तेजाब ओतलंस. हे मला तुझ्यासोबत गिरणीत काम करून गावी परतलेल्या एका पोरीकडून कळावं?

परवा नाहा शहरात सिनेमा बघितला. त्यात आपल्या बेटावरची म्हातारी होती, डोक्यावर माशांची पाटी आणि हात कोरे करकरीत! अगं, सोंग आमचं घेतात, मग आमच्या हातांनी काय घोडं मारलंय?

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस की घाबरून "येऊ नकोस" म्हणशील. बोटीचं तिकीट काढलंय. हातमोजे आमच्या बुजगावण्याला घातलेत, त्याला शोभतात.

सुमिकोला लग्नाचा पहिला पेला मी उघड्या हातांनीच भरून देणार. व्याह्यांनी विचारलं, "ही कोण?" तर तू गप्प राहा. मी तुझा चट्टे पडलेला हात माझ्या हातात धरीन आणि सांगेन, "हे दोन्ही हात एकाच सुईखालून गेलेत."

तेव्हा मात्र हात मागे घेऊ नकोस.

तुझी ताई,
गोझेई