सात नंबरची खाट

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सलाम वि. वि.

दुरुस्तीला शिलाई मशिनं येतात ना अजून? दोन्ही वेळ जेवतोस की चहावर भागवतोस? खरं लिही.

आता मुद्द्याचं. आमच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर तुझा फोरमन आलाय. हो, तोच. कारखान्यातले मशिनीचे पितळी बुश तुझ्या जेवणाच्या डब्यातून बाहेर गेले, असं साहेबांपुढे शपथेवर सांगणारा. एकोणीस वर्षं लेथवर काढलेला माणूस त्याने एका दुपारीत चोर ठरवला. त्यानंतर वहिनी लोकलाजेने दारातसुद्धा उभी राहिली नाही आणि दोन वर्षांत गेली. मी काही विसरलेले नाही.

त्याचं उजवं अंग लुळं पडलंय. मला तो ओळखत नाही. भेटायला कुणी येत नाही. त्याने बेल दाबली की मी आधी बाकीच्या खाटा उरकते. काल त्याने पाणी मागितलं, तर येते म्हणून सांगितलं आणि अर्धा तास फिरकलेच नाही. वाईटही वाटलं नाही. त्याला बोलता येतं. तू म्हणशील तर खरं काय ते वदवून कागदावर अंगठा घेते. सध्या तो माझ्या हातात आहे. लहानपणी तू मला उगाच फौजदार म्हणायचास का?

तुझी,
फौजदार

ता. ११ फेब्रुवारी

चि. फौजदारास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी आनंदच झाला, कबूल करतो. मग त्या अर्ध्या तासाच्या पाण्यापाशी आलो आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

अंगठा नको. तहानलेल्या माणसाकडून घेतलेला कागद मी दाखवू कुणाला? जिला दाखवायचा ती राहिली नाही, आणि तिने माझ्यावर कधी संशय घेतलाच नव्हता.

वाइटाची फेड वाइटाने करायची नाही, हे आईने आपल्याला लहानपणीच शिकवलं. तेव्हा सोपं वाटायचं, कारण तोवर कुणी आपलं काही बिघडवलं नव्हतं. मशिनं उघडता उघडता मी या माणसाला मनात हजारदा झोडपलंय. संपत नाही गं ते. बेल वाजली की आधी त्याच्याकडे जा. मनात राग असला तर असू दे, पाणी मात्र वेळेवर दे.

रविवारी उपासनेनंतर त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसलो. नाव काही तोंडातून निघेना. नुसतं सात नंबर म्हटलं. प्रभूला कळलं असेल.

तुझा,
दादा

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझं ऐकलं, पण धुसफुसतच. आज त्याची दाढी केली. हातात वस्तरा, त्याच्या गळ्यापाशी येऊन मी थांबले, तर त्यानेच सावकाश कर म्हणून मला धीर दिला. मग मात्र राहवलं नाही. मी कुणाची बहीण ते सांगून टाकलं. त्याने वहिनी कशी आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. दुपारचं जेवण त्याने तसंच परत पाठवलं.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. खोलीवर येऊन नुसती रडले.

तुझी,
धाकटी

ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी न कळवता तुमच्या वॉर्डात येऊन गेलो, रागावू नकोस. तुझी सुटी बघूनच आलो. तुझ्यादेखत मला धीर झाला नसता. नंतर तुझ्या खोलीवर आलो, तर कुलूप.

त्याने मला लगेच ओळखलं. खिशात एक संत्रं होतं, ते सोलून एकेक फोड भरवली. अर्धं झाल्यावर त्याने तोंड मिटलं आणि सांगितलं, की बुश त्याच्या मेहुण्याने नेले होते आणि हे त्याला त्याच दिवशी ठाऊक होतं. अकरा वर्षं मी जे बोलायचं म्हणून घोकत होतो, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्याच्या हनुवटीवरून रस ओघळत होता, तो पुसला. माफ केलं, असं तोंडाने म्हणालो. मन मागून येईल तेव्हा येईल.

भेटीची वेळ संपली, तेव्हा त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली आणि पुन्हा कधी येणार म्हणून विचारलं. तुझी वहिनी गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. येत्या रविवारी येतो, असं सांगून आलोय.

त्या संध्याकाळी कुठे जाऊ नकोस. माया असू दे.

तुझा,
दादा