सी ड्राइव्हला जागा करताना

अण्णा, आज मी तुमच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हला जागा करून दिली. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण जागा कमी पडली ती तुमच्यामुळे. काष्टीची प्रेस बंद करून आपण सावेडीतल्या या गाळ्यात आलो, तेव्हा कॉम्प्युटर जोडायला आलेल्या माणसाने विचारलं होतं, डिस्कचे दोन भाग करतोय, कुठल्या भागाला किती देऊ? डिस्क म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण एकात मशीन चालवणारे प्रोग्रॅम आणि दुसऱ्यात आपलं काम राहणार, एवढं कळल्यावर तुमचं उत्तर तयार होतं. "मशीनला बसन्यापुरती जागा द्या. बाकी समदी कामाला." त्याने तसंच केलं. प्रोग्रॅमचा सी एवढासा, कामाचा डी ऐसपैस. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, डी अजून निम्मा रिकामा आहे, आणि सी मात्र महिनाभर लाल पट्टी दाखवत होता. त्यातलं पुसण्यासारखं होतं ते सगळं पुसून झालं. तरी लग्नपत्रिकेचं साधं एक पान उघडायचं म्हटलं तरी प्रोग्रॅम जागा नाही म्हणून बंद पडायचा.

दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू म्हणाला, तासाभराचं काम. त्याच्या दृष्टीने खरंच तासाभराचं. पण आपला जुना मराठी टाइपसेटिंगचा प्रोग्रॅम ज्या कंपनीचा, ती कधीच बंद झाली, आणि त्याच्या सीडीवर इतके ओरखडे आहेत की कुठलंच मशीन ती वाचत नाही. एकदा पुसला की तो प्रोग्रॅम कायमचा गेला. तरी मी शहाणपणा करून डीमधल्या सगळ्या फायली पोर्टेबल डिस्कवर घेतल्या आणि लेकीच्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या. नुसता कचरा. 'शुभविवाह'च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरं. लेक म्हणाली, "आई, अशा बॅकअपचा उपयोग काय?" तिचं बरोबर होतं. फायली हातात होत्या, पण त्या वाचणारं मशीन जगात एकच, आणि तेच आजारी. तेव्हापासून मी दुरुस्तीवाल्याला मशीनला हात लावू दिला नाही.

कारण त्या डीमध्ये तुमची फाइल आहे. शेवटच्या वर्षी रोज जेवण झालं की तुम्ही या खुर्चीत बसून एका बोटाने टाइप करायचात. एक अक्षर, मग चष्मा वर, मग दुसरं अक्षर. चौदा पानं झाल्यावर म्हणालात, "वाचून चुका काड." मी उद्या वाचते म्हणाले. आठवड्याने तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा उद्या म्हणाले. मग तुमचा दवाखाना सुरू झाला आणि ते राहिलं. लोकांची प्रुफं वाचून पोट भरणारी मी, तुमची चौदा पानं पंधरा वर्षांत उघडली नाहीत. फाइलीचं नाव तुम्ही 'प्रेस' असं ठेवलंय, आणि आत काय असणार हे मला न वाचताच माहीत होतं. पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात द्यायचा हट्ट माझा होता. टेम्पो दारात लागला तेव्हा तुम्ही बाहेर आला नाहीत. स्वयंपाकघरात आईशेजारी पाठमोरे बसून तांदूळ निवडत होतात. आयुष्यात कधी तांदूळ न निवडलेला माणूस. मशीन चढवताना बाहेर एवढा आवाज झाला, तरी तुमची मान वळली नाही. ते सगळं त्या पानांत असणार, अशी माझी खात्री होती.

तर पुसायचं नाही, डीमधली थोडी जागा काढून सीला द्यायची, असं ठरवलं. त्यात काही बिघडलं तर हाताशी काहीतरी असावं म्हणून मला तुमचीच रीत आठवली. मी बारा वर्षांची आहे, काष्टीचा बाजाराचा दिवस आहे, यात्रेच्या कुस्त्यांचं हँडबिल जुळवून तयार आहे. चौकटीत आवळलेल्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, तो फर्मा मशीनवर न्यायचा म्हणून मी मोठ्या ऐटीत उचलते. पाचरी घट्ट आहेत का ते बघत नाही. दाराशी पोचेपर्यंत तीनशे पैलवानांची नावं फरशीवर सांडलेली असतात. तुम्ही हात उगारला नाहीत. भिंतीवर टाचलेला, त्याच हँडबिलाची कच्ची छाप असलेला कागद काढून माझ्यापुढे धरलात. "आदी छाप काड, मग फर्म्याला हात लाव. कागद हाताशी आसला की सांडल्यालं बी परत हुभं करता येतं." तो कागद बघत मी संध्याकाळपर्यंत खिळे वेचत होते.

म्हणून या वेळी दोन दिवस नुसत्या प्रिंट काढल्या. जागेअभावी प्रोग्रॅम मधेच बंद पडायचा, तरी एकेक पान काढून घेतलं. पत्रिका, स्मरणिका, शनिशिंगणापूरच्या दुकानांची माहितीपत्रकं, सगळ्यांची कागदावर छाप. तुमची फाइल तेवढी सोडली. प्रिंट काढली की ती डोळ्यांखालून जाणार, हे मला कळत होतं.

आपल्याकडे लाइट बहुधा गुरुवारी जाते, म्हणून बुधवार धरला. आणि पहिल्याच पावलाला चुकले. डी लहान केला, जागा मोकळी झाली, पण ती डीच्या पलीकडे. सी अलीकडे, मधे डी. विंडोज म्हणतं, शेजारची जागा असेल तरच देईन. ओळीच्या शेवटी जागा केली आणि शब्द घालायचा होता सुरुवातीला, असं झालं. आता अख्खा डी उचलून पलीकडे सरकवायचा, त्यातलं एकूण एक काम जागचं हलवून. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागला. त्याने बजावलं की काम चालू असताना मशीन बंद पडलं तर सगळं जाऊ शकतं, म्हणजे आपला प्रोग्रॅमसुद्धा. मी तीनदा 'रद्द'वर बोट नेलं. चौथ्यांदा डोळे मिटून 'लागू करा' दाबलं.

अकराला सुरू झालं. एकेक टक्का सरकत होता आणि मी समोर बसून होते. चहा ठेवला तो उतू गेला. गिऱ्हाईक आलं तर त्याला दारातूनच उद्या या म्हटलं. एकसष्ट टक्के झाले आणि बुधवार असूनही पंखा थांबला. यूपीएस ओरडायला लागला. त्याची बॅटरी बदलायची म्हणून वर्षभर मी उद्याच म्हणत होते. बासष्ट. त्रेसष्ट झाल्यावर केव्हातरी लाइट आली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात मी खुर्चीला हात लावून तुम्हाला हाका मारत होते, हे खरं.

साडेतीनला काम संपलं. मशीन एकदा बंद होऊन सुरू झालं, सीची लाल पट्टी निळी झाली, आपला प्रोग्रॅम उघडला. मी सगळ्यात आधी तुमची फाइल उघडली, चौदा पानांची प्रिंट काढली आणि लाल पेन घेऊन बसले. ट्रेडल विकल्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. माझाही नाही. शाईचे रूळ रॉकेलने कसे पुसायचे, ओल्या हवेत कागद कसा ठेवायचा, फर्मा उचलताना गुडघा कुठे टेकायचा, एवढंच आहे. चौदाव्या पानावर वाक्य अर्धवट सुटलंय. चुका सात निघाल्या. मला फार रडू आलं, अण्णा. एवढ्या पानांना मी पंधरा वर्षं भीत होते.

हे पत्रही त्याच प्रोग्रॅममध्ये लिहितेय, तुमच्या फाइलीशेजारी ठेवणार आहे. दुसऱ्या कुठल्या मशीनवर कुणी उघडलं तर त्याला कंस आणि स्वल्पविराम दिसतील. म्हणून इथे सांगून टाकते. यूपीएस ओरडायला लागला तेव्हा घाबरायच्या आधी क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाचावं लागणार नाही, असं. तुम्हाला हाका मारल्या त्या त्यानंतर.