डाव्या हाताच्या बांगड्या

३ फेब्रुवारी, नांदेड

नांदेडकरांनो, डॉक्टर कापतात आणि आपल्याला काही सांगत नाहीत! — रविवारच्या सभेची सुरुवात हीच.

माझ्या बायकोचा, शिवकन्येचा डावा हात पुन्हा सुजलाय. वर्षापूर्वी लातूरच्या सर्जनबाईंनी हिच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. ऑपरेशन छातीचं आणि सूज हाताला? काहीतरी लपवून राहिलेत.

५ फेब्रुवारी

शरीरशास्त्राची दोन पुस्तकं आणली. रक्ताला हृदयाचा पंप. पण रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी — लसिका — परत नेणाऱ्या बारीक नळ्या वेगळ्याच. त्यांना हृदय नाही! नळ्या आवळतात, स्नायू हलतात, श्वास चालतो, तसं पाणी पुढं सरकतं. ग्रंथी म्हणजे वाटेवरच्या चौक्या. जंतू तिथं अडतात. चौक्याच काढल्या तर पाणी हातात तुंबणारच. मग काढल्या कशाला?

८ फेब्रुवारी

टाळ्याच टाळ्या! "जाब विचारायला भिता? हातात बांगड्या भरल्यात का?" म्हणालो.

शिवकन्या पहिल्या रांगेत. डावा हात पदराखाली. हीसुद्धा लपवते?

९ फेब्रुवारी, लातूर

सकाळी पदर बाजूला केला. चार हिरव्या बांगड्या, मांसात रुतलेल्या! एक पिचलेली, तिथं जखम, हात लालभडक, अंगात ताप. तसंच लातूर गाठलं. नर्सनं बांगड्या वाढवल्या.

सर्जनबाई चिडल्या. "कॅन्सर याच वाटेनं पसरतो, म्हणून ग्रंथी काढल्या. आता या हाताला साधी जखमही महागात पडते. सुई नको, घट्ट काही नको — घरी सोडताना सांगितलं होतं. तुम्ही कुठं होता?"

"ह्यांची सभा होती," शिवकन्या म्हणाली.

११ फेब्रुवारी

ताप उतरला. सर्जनबाई म्हणाल्या, पूर्ण बरं झाल्यावर हात हळूहळू हलवत ठेवायचा.

विचारलं, कशाला भरल्यास?

"पुतणीचं लग्न हाय ना. थोरल्या जाऊबाई म्हणल्या, एक हात मोकळा घेऊन मांडवात येतीस? नवरा जिता हाय ना तुझा!"

"मला सांगायचंस."

"तुम्ही भाषण केलं असतं."

१५ फेब्रुवारी, अर्धापूर

मांडवात कासार बसला. शिवकन्येनं उजवा हात भरून घेतला.

"दुसरा?" कासार म्हणाला. तिच्या थोरल्या जाऊबाई, उमावहिनी, बघतच होत्या. सगळ्या बाया बघत होत्या.

मी शेजारी मांडी घातली. माझा डावा हात पुढं केला.

"मोठं माप काढ. भर!"