शेततळ्यापलीकडे, एका फटक्यात

आबा, आज मी एका फटक्यात चेंडू थेट ग्रीनवर, झेंड्याशेजारी मारला. धुळ्याजवळच्या नव्या गोल्फ मैदानावर, शेवटच्या आखूड होलवर, सामना बरोबरीत असताना! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तुम्ही फौजेतल्या गोल्फ मैदानाची निगा राखून निवृत्त झालात आणि पाचोऱ्याच्या आपल्या शेतात, कपाशी उपटून झाली की, वाळूत जळकं ऑइल कालवून होलभोवतीचं सपाट ग्रीन थापायला लागलात. होलमध्ये पीव्हीसी पाइपाचा तुकडा. आई म्हणायची, "बठ्ठा गाव कपाशी पेरस, अन् ह्या भोकं पेरतस." तिथे मधे कोरडा नाला होता. दोन फटक्यांत आरामात जाता यायचं, पण मला एकाच फटक्यात पलीकडे जायची खुमखुमी. एकदा चेंडू बाभळीत गेला आणि तुम्ही भर उन्हात मला तो शोधायला लावलंत. हात ओरबाडून परत आले, तर म्हणालात, "पोहचस का नही ते मंग देख. चुकना ते कोठे पडी, ते पहिले देख. अन् मारतांना मुंडी वर करू नको." मला भयंकर राग आला होता. आधी पाणी तरी विचारायचं!

आज मधे शेततळं आहे. गेल्या खेपेला इथेच घाबरून मी चेंडू अलीकडे ठेवला आणि जळगावच्या ज्या बाईंकडून हरले, त्याच आज समोर. त्यांनी शहाणपणाने अलीकडेच ठेवला. मी मात्र उभी राहून बघतेय. डावीकडे पाणीच पाणी, उजवीकडे तळं निमुळतं होत गेलेलं, पलीकडे मोकळं गवत, वारा पाठीवर. म्हणजे उजवा काठ धरला, तर चुकला तरी चेंडू कोरड्यात. मी लांब मारायचा मोठा क्लब काढला. "अहो ताई, कशाला? हातचा सामना जाईल," बाई मनापासून म्हणाल्या. मला हसूच आलं.

फटका बसला तो हातांना आधी कळला. मग आरडाओरडा, टाळ्या. चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर! पुढचा फटका हलक्या हाताने आत ढकलला आणि जिंकले, आबा. घरी येईपर्यंत गाडीत मोठमोठ्याने गात होते.

आता तुम्ही काय विचाराल ते मला ठाऊक आहे. कसा गेला, उंच की सपाट? हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं सांगते. मला माहीत नाही. मी मुंडी वर केलीच नाही.